पंजाबरावांचा सात पायऱ्यांचा शाप

मु. धामणखेड, मोताळ्याजवळ,
जि. बुलढाणा
मंगळवार, ४ फेब्रुवारी १९६४

ती. ताईस,

वैजूचा वाकून नमस्कार, आणि भाऊजींना त्याहून चार बोटं अधिक वाकून. तुझा गुडघा कसा आहे? तिळाचं तेल चोळतेस की नुसतीच चोळते म्हणून लिहितेस? भाऊजींचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे (थांबला नसेल तर त्यांना म्हणावं, अडुळशाचा काढा ओतून देताना तुळशीत ओतू नका, मागच्या खेपेला तुळस वाळली होती). सुलभाचा पाढा सतराच्या पुढे सरकला का? इकडे माझी तब्येत उत्तम आहे. खाणं व्यवस्थित, झोप व्यवस्थित, फक्त उजव्या हाताच्या तीन बोटांना बाभळीचा डिंक अजून चिकटलेला आहे, त्यामुळे अक्षर नेहमीपेक्षा वाईट दिसेल.

एव्हाना बुलढाण्याच्या मोटार स्टँडवर धामणखेडच्या कुणी ना कुणी तुझ्या कानावर घातलंच असेल की तुझ्या भावाने गावच्या सरपंचाला भर यात्रेत राक्षस केलं आणि त्यात त्यांचा प्राण जाता जाता वाचला. यातला पहिला भाग खरा आहे. दुसराही जवळजवळ खरा आहे. पण मधलं सगळं गाळून ही दोन टोकं कुणी सांगितली तर तुझा भाऊ मास्तर आहे की मांत्रिक, असा प्रश्न पडायचा. म्हणून सगळी हकीकत पहिल्यापासून लिहितो. चहा जवळ घेऊन बस, पत्र लांबणार आहे.

आमच्या गावची यात्रा माघी पौर्णिमेला असते. दरवर्षी खालच्या मुलखातली एक नाटकमंडळी येते, पण यंदा त्यांच्या मुख्य नटाने शेती धरली आणि मंडळी मोडली. तेव्हा आमचे सरपंच पंजाबराव शाळेत आले. त्यांना तू पाहिलेलं नाहीस. सहा फूट उंच, गव्हाळ रंग, आणि मिशा अशा की वर्गात आले की पोरं आपोआप उभी राहतात. ते बाकावर बसले आणि म्हणाले, "गुरुजी, यंदा नाटक आपलंच. तुमी लिहा, मी राक्षस होतो." मी म्हणालो, ठीक आहे. त्यावर ते म्हणाले, "पण एकदम नाही. मोताळ्याले मी एक खेळ पाह्यला. माणूस पडद्यामागं गेला अन् राक्षस होऊन बाहीर आला. त्यात काय मजा? हळूहळू झाला पायजे. लोकाईले दिसलं पायजे, आधी माणूस कसा होता ते." हे बोलताना त्यांचा हात मिशीवर होता. तिथेच मला समजायला हवं होतं की या गृहस्थांना राक्षस व्हायचं आहे, पण शक्य तितक्या उशिरा.

मी कागद घेऊन बसलो. गोष्ट साधीच रचली. भद्रसेन राजा झोपाळ्यावर बसलेला असतो, दुर्धर ऋषी दारात येतात, राजा झोपाळ्यावरून उठत नाही, ऋषी शाप देतात. इथवर एका दुपारी झालं. पण हळूहळू राक्षस करणं म्हणजे काय, यावर मी आठ दिवस घालवले आणि ताई, खरं सांगतो, इतका विचार मी बी.टी.च्या परीक्षेतही केला नव्हता. नुसतं आज एक शिंग, उद्या दुसरं शिंग, असं केलं तर ती वाढ झाली, शाप नाही झाला. मला असं दिसलं की प्रत्येक पायरीला त्या माणसाचं काहीतरी जिवाभावाचं गेलं पाहिजे, आणि त्याच वेळी त्याला काहीतरी मिळालंही पाहिजे, नाहीतर तो पहिल्याच पायरीवर ऋषींचे पाय धरील आणि नाटक पंधरा मिनिटांत आटपेल. म्हणून, शेवटी ठरलं तेच सांगतो, पहिल्या पायरीला नखं वाढतात. आता त्याला लेकराच्या गालावर हात फिरवता येत नाही, पण किल्ल्याची भिंत मात्र सरसर चढता येते. दुसऱ्या पायरीला कान वाढतात. दरबारातली तोंडावरची स्तुती त्याला गोड लागेनाशी होते, कारण मागे काय बोलतात तेही ऐकू येतं. पण शत्रूची कुजबुजही ऐकू येते. म्हणजे प्रत्येक वेळी राजा मनात म्हणतो, एवढं चालेल. आणि असं 'एवढं चालेल' म्हणत म्हणतच तो राक्षस होतो. (हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते फळ्यावर लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी चौथीच्या पोरांनी ते शुद्धलेखन समजून वहीत उतरवून काढलं.)

मूळ बेत तीन पायऱ्यांचा होता: नखं, सुळे, आणि शेवटी शिंगांसकट सगळा राक्षस. त्या तिनाच्या सात कशा झाल्या हा या पत्राचा मुख्य भाग आहे, पण त्याआधी गावाचं सांगतो. मास्तर शाप बनवतो आहे ही बातमी पसरली आणि लोक शाळेत येऊ लागले. कडूबा शिंपी राणीचं काम करणार होता (त्याचा चेहरा गोल आहे आणि लुगडी फुकट त्याच्याच दुकानात), त्याने विचारलं, राणीलाही थोडासा शाप मिळेल का, निदान एखादं शिंग, कारण शेवटच्या अंकात तिला नुसतं रडायचंच आहे. झुंबरबाई नावाच्या बाई गिरणीवरून दळण घेऊन जाताना थांबल्या आणि नवऱ्यासाठी शाप सांगून गेल्या: हाक मारल्यावर ऐकू न आल्याचं सोंग केलं की दर वेळेला कान बोटभर वाढावा. मी म्हणालो, बाई, हे नाटकासाठी आहे. त्या म्हणाल्या, "हाव, माहीत हाय मले. पण लिहून तं ठेवा." मी लिहून ठेवला. शाप म्हणून तो माझ्यापेक्षा चांगला होता आणि दुसऱ्या पायरीचे कान मला तिथूनच सुचले, हे कबूल केलं पाहिजे.

ऋषींचं काम कारभारी नावाच्या गृहस्थाला दिलं होतं (हे त्याचं नुसतं नाव, कारभार त्याच्या बायकोकडे आहे). यात्रेला अठरा दिवस राहिले आणि त्याला गालफुगी झाली. दोन्ही गाल असे सुजले की शाप देण्याऐवजी त्यालाच शाप लागल्यासारखा दिसू लागला. आता ऋषी कुठून आणायचा? तालमी शाळेच्या ओट्यावर दुपारी होत असत. समोर निंब आहे. त्या निंबाखाली एक दाढीवाला माणूस रोज येऊन बसायचा, तालीम संपली की उठून जायचा, कुणाशी बोलायचा नाही. तो त्या दिवशी उठून ओट्यापाशी आला आणि मला म्हणाला, "शाप मले पाठ हाय." आणि त्याने सगळा शाप म्हणून दाखवला, असा खणखणीत की निंबावरच्या साळुंक्या उडाल्या. मी खूश झालो. मागे वळून पाहिलं तर सगळी मंडळी जमिनीकडे पाहत होती आणि पंजाबराव मिशी ओढत निंबाच्या शेंड्याकडे.

तो निवृत्ती. पंजाबरावांचा सख्खा धाकटा भाऊ. दोघांच्या घरांमध्ये एक बैलगाडी जाईल एवढी गल्ली, शेतं एकाच विहिरीवर, आणि त्या विहिरीवर आधी मोट कुणी लावायची यावरून दोघं नऊ वर्षं एकमेकांशी अक्षर बोललेले नव्हते. ही गोष्ट गावात पाळण्यातल्या पोराला माहीत होती. मला नव्हती, कारण जूनपासून मी इथे आहे आणि मला कुणी सांगितली नव्हती. (गावात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट नव्या माणसाला कुणीच सांगत नाही, हा मी इथे शिकलेला पहिला धडा.) मी पंजाबरावांना बाजूला घेऊन म्हणालो, दुसरा कुणी बघू. त्यांनी मिशीचा पीळ उलगडून पुन्हा भरला. मग म्हणाले, "राहू द्या. मले कुठं त्याच्याशी बोलाचं हाय? शाप तोच देते. देऊ द्या."

आणि इथून माझे हाल सुरू झाले. दोघं ओट्याच्या दोन टोकांना बसत, मधे मी. निवृत्ती म्हणे, "गुरुजी, राक्षसाले सांगा, शेपटी पायजे. शेपटीबिगर कोणता राक्षस असते?" पंजाबराव चार हातांवर बसलेले, सगळं ऐकत, तरी माझ्याकडे पाहत. मग मी त्यांना सांगायचं, की शेपटी पाहिजे असं म्हणणं आहे. ते म्हणत, "त्याइले सांगा, सरपंच माणूस हावो मी. उद्या पंचायतीत बसाचं हाय. शेपटी नाही." मी निवृत्तीकडे वळून, शेपटी नाही असं म्हणणं आहे. असे तीन दिवस. ताई, मी वऱ्हाडीतून वऱ्हाडीत भाषांतर करीत होतो आणि माझा घसा बसला. शेवटी तडजोड अशी निघाली की शेपटी असेल पण ती शेल्याच्या आत असेल. लोकांना फक्त उंचवटा दिसेल आणि शेपटी आहे हे राणी रडता रडता सांगेल. दोघांनीही ही तडजोड माझ्याकडे पाहून मान्य केली. कडूबाला एक वाक्य वाढल्याने तोही खूश झाला.

याच सुमारास मनकर्णाबाई माझ्याकडे आल्या. या दोघांची आई. सत्तरीच्या पुढे वय, डोळ्यांत फूल पडलेलं, काठी टेकत चालतात. सकाळची भाकर मोठ्याकडे आणि संध्याकाळची धाकट्याकडे, असं त्यांचं नऊ वर्षं चाललेलं. त्या रोज तालमीला यायच्या आणि ओट्याच्या पायरीवर भिंतीला टेकून बसायच्या. मला वाटायचं, म्हातारीला नाटकाचा नाद आहे. त्या दिवशी सगळे गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, "गुरुजी, शापाच्या पायऱ्या किती?" मी म्हणालो, आजी, तीन. त्या म्हणाल्या, "तीनच काऊन? लांबवा नं थोडा. राजा हाय तो, एवढ्या लौकर राक्षस होते काय?" मी म्हणालो, लोक कंटाळतील. तेव्हा त्यांनी काठीने जमिनीवर एक रेघ ओढली, पुसली, आणि म्हणाल्या, "मले दिसत नाही बाप्पा. दोघाईचा आवाज एका जागी इथंच ऐकाले भेटते."

मी घरी आलो आणि शापाच्या पाच पायऱ्या केल्या. दोन दिवसांनी सहा. प्रत्येक पायरीला ऋषींनी येऊन राजाला बघून जायचं, दोन शब्द सुनावायचे, अशी सोय केली, म्हणजे दोघं एका वेळी समोर. तिसऱ्याला अंगावर केस येतात: राणी जवळ येत नाही, पण थंडी वाजत नाही. चौथ्याला सुळे: पंगतीत बसता येत नाही, पण शत्रू पळतो. पाचव्याला शिंगं, सहाव्याला शेल्यातली ती शेपटी. मनकर्णाबाईंना रोज संध्याकाळी विचारावं, आजी, पुरे का? त्या म्हणायच्या, "तुमी मास्तर, तुमाले समजते." म्हणजे पुरे नाही. म्हणून सातवी. सातव्या पायरीला तो माणसं ओळखेनासा होतो. मात्र ओळख पुसण्याआधी एक श्वासभर त्याला सवड मिळते, तेव्हा माफी मागितली तर सगळा शाप उतरेल. लिहिताना मला वाटलं, आता शेवट आपोआप होईल.

शेवट होईना. पंजाबराव म्हणाले, राजा माफी मागणार नाही, तो राक्षस म्हणूनच मरेल. निवृत्ती म्हणाला, मागितल्याशिवाय ऋषी शाप काढणार नाही, "देल्ला तं देल्ला." यात्रा चार दिवसांवर आली आणि माझ्या नाटकाला शेवट नाही. आठवड्याच्या बाजाराला जमतात ती सगळी मंडळी बैलगाड्या भरभरून येणार होती, आणि सुपारी वाटून आमंत्रणं देऊन झाली होती. मी रडकुंडीला येऊन तोडगा काढला. राजा माफी आभाळाकडे पाहून मागेल, ऋषींकडे बघायची गरज नाही. ऋषी पाठमोरे उभे असतील आणि निंबाकडे तोंड करून म्हणतील, "ऐकलं." दोघांनी रात्रभर विचार करतो म्हणून सांगितलं आणि सकाळी वेगवेगळे येऊन होकार दिला. पंजाबरावांनी फक्त बजावलं की आभाळाकडेच, हां.

यात्रेचा दिवस उजाडला. गाड्या दिवस असतानाच परतायच्या म्हणून खेळ शाळेच्या ओट्यावरच दुपारी तीनला ठेवला होता. (उजेडात नाटक करू नये, ताई. पेट्रोमॅक्सच्या उजेडात डिंक दिसत नाही.) राक्षसाचं सामान आम्ही घरचंच केलं होतं. नखं सुक्या दुधी भोपळ्याच्या सालीची, कान जुन्या सुपाचे, अंगावरचे केस अंबाडीचा वाख काजळात घोळून बाभळीच्या डिंकाने चिकटवलेले, शिंगं कागदाच्या लगद्याची. सुळ्यांसाठी लाकूड तासून पाहिलं, हिरडीला लागलं. तेव्हा कडूबाने सुचवलं, पांढरा मुळा. टोकदार असतो, स्वच्छ असतो, ओठात धरायला सोपा. सकाळी ताजे मुळे सोलून ठेवले, तेव्हा ते हस्तिदंतासारखे दिसत होते.

खेळ चांगला सुरू झाला. झोपाळ्यावर पंजाबराव बसलेले पाहून बायकांच्या बाजूला जी कुजबूज झाली ती त्यांना दुसऱ्या पायरीचे कान नसतानाही ऐकू आली असावी, कारण ते ठरल्यापेक्षा बराच वेळ झोके घेत राहिले. नखांना लोक हसले. कानांना जास्त हसले; पण निवृत्तीने दरडावून जे दोन शब्द सुनावले त्याने हसू थांबलं. तिसऱ्या पायरीपासून गंमत अशी झाली की कुणी हसेना. एक लेकरू रडू लागलं, त्याला आईने बाहेर नेलं, पण आई स्वतः शाळेच्या फाटकात उभी राहून पाहत राहिली. पडद्याआड मी डिंकाचं भांडं घेऊन उभा, मला छाती फुगवायलाही फुरसत नव्हती. आणि इकडे उन्हाने मुळे मऊ पडू लागले होते. राक्षसाचे सुळे वर जाण्याऐवजी मिशांसारखे खाली लोंबू लागले. त्यात पंजाबरावांनी सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं (राणीने वाढलेलं ताट लाथाडायचं असल्याने ते रिकामंच होतं). मुळा तोंडात धरून माणूस किती वेळ कळ काढणार? ते नकळत सुळे कुरतडत होते.

सातवी पायरी आली. राजा मधोमध आला, गुडघे टेकले, आभाळाकडे पाहिलं, आणि बोलेना. डिंक वाळून मिशी आणि हनुवटी एकमेकांना अशी चिकटली होती की तोंड बोटभरच उघडत होतं. "हं, हं" असा आवाज आला. लोक श्वास रोखून. मग त्यांनी जोर लावला, सुळ्याचा उरलेला तुकडा आत गेला आणि घशात अडकला. पंजाबराव दोन्ही हातांनी छाती धरून डोलू लागले. डोळे बाहेर आले. नखं गळून पडली. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. ताई, मी पडद्याआडून पाहत होतो आणि मलाही वाटलं, हा माणूस तालमीत असं का करीत नव्हता. कडूबा राणीचं रडणं वाढवून त्यांच्या गळ्यात पडला, त्यामुळे उरलेला श्वासही कोंडला.

निवृत्ती पाठमोरा उभा होता, निंबाकडे तोंड करून, "ऐकलं" म्हणायच्या तयारीत. त्याला ठरलेलं काही ऐकू आलं नाही, जे आलं ते वेगळंच. तो वळला. एकदाच पाहिलं. हातातला कमंडलू टाकला, राणीला बखोटीला धरून बाजूला फेकलं, राक्षसाला कमरेतून वाकवलं आणि पाठीत असे रट्टे घातले की एक शिंग उडून पुढच्या रांगेत पडलं. "दादा, थुक. थुक म्हणतो नं. दादा." टाळ्या थांबल्या. तिसऱ्या की चौथ्या रट्ट्याला मुळा बाहेर पडला. राक्षस जमिनीवर बसला, दोन मोठे श्वास घेतले, डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि म्हणाला, "हळू मार नं बे."

पंजाबरावांचं भावाशी नऊ वर्षांतलं पहिलं वाक्य. जिलेबीवाल्याची कढई तेवढी ऐकू येत होती. आणि मग पुढच्या रांगेतून, जिथे शिंग पडलं होतं तिथून, मनकर्णाबाईंचा आवाज आला: "निवृत्ती, आणखी एक हाण त्याले. माह्याकडून."

यानंतर दोघांनी एकमेकांच्या गळ्यात पडावं असं तुला वाटत असेल. मलाही वाटलं होतं. मी पडदा ओढायची दोरी हातात घेऊन, डोळे पुसायच्या तयारीत उभा होतो. पण पंजाबराव म्हणाले, "एवढ्या जोरात मारते कोणी?" निवृत्ती म्हणाला, "न मारतो तं मेला असता." "मेलो असतो तं विहीर तुलेच भेटली असती." "मले तुही विहीर नाही पायजे, सोमवारची पाळी पायजे." "सोमवार तुले काऊन? सोमवार बाबाच्या वक्तापासून माहा." आणि दोघं रंगमंचावर समोरासमोर बसून, एक एका शिंगाचा आणि दुसरा अर्ध्या जटांचा, सबंध अर्धा तास भांडले. नऊ वर्षांचं साठलेलं होतं. कुणी उठलं नाही. एकाही गाडीला बैल जुंपला गेला नाही. कडूबाने मधेच राणीचं शेवटचं वाक्य म्हणून पाहिलं, लोकांनी त्याला खाली बसवलं. माझ्या सात पायऱ्यांना मिळाला नव्हता इतका कान लोकांनी त्या सोमवारला दिला. मनकर्णाबाई काठीवर हनुवटी टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हणालो, आजी, हे तर भांडतायत. त्या म्हणाल्या, "भांडू द्या. तुमी आता मधात बोलू नका."

तेव्हापासून आठ दिवस झाले. सोमवारचा निकाल अजून लागलेला नाही. रोज सकाळी पंजाबराव घराच्या ओट्यावर उभे राहून गल्लीपलीकडे ओरडतात, निवृत्ती अंगणातून उत्तर देतो, आणि मधे भाषांतराला कुणी लागत नाही. पंजाबरावांची डावी मिशी डिंकासह कापावी लागली. मग उजवीही. आता ते वर्गात आले की पोरं उठत नाहीत, ओळखच पटत नाही. सातवी पायरी खरी झाली, असं निवृत्ती त्यांना तोंडावर म्हणतो. कारभारीची गालफुगी उतरली आणि आपल्या हातून केवढं काम गेलं हे कळून तो माझ्यावर रुसला आहे. झुंबरबाईंचा नवरा परवा वाटेत भेटला, त्याने मला पाहून दोन्ही कान चाचपले.

असो. एवढं वाचून तुझे डोळे दुखले असतील तर आता आराम कर, उरलेलं भाऊजींकडून वाचून घे. सुलभाला पापा. थंडी अजून गेलेली नाही, गुडघा उघडा टाकू नकोस.

तुझा
वैजू

ता. क. वाळलेला बाभळीचा डिंक बोटांवरून कसा काढतात हे आईला विचारून कळव. गरम पाणी, तेल आणि कडूबाची कात्री हे तिन्ही करून झालं.

ता. क. २. मुळा कडूबाने सुचवला असं वर लिहिलं आहे ते खोटं आहे. तो म्हणाला होता, गुरुजी, लाकूडच बरं, कानशीने घासून देतो. मुळा मीच म्हणालो. पंजाबरावांना अजून सांगितलेलं नाही. निवृत्तीला सांगितलं, तो हसून हसून खाली बसला.

ता. क. ३. भाऊजींना हे तूच सांग, माझ्याच्याने लिहवत नाही. दिवाळीत आलो होतो तेव्हा बदलीचा एक अर्ज त्यांच्याकडे देऊन ठेवला होता, त्यांच्या कचेरीतल्या शिक्षणाच्या साहेबांपुढे ठेवा म्हणून हात जोडले होते, आणि पौषात दोनदा आठवणीचं पत्रही टाकलं. तो अर्ज अजून त्यांच्या पेटीत असेल तर फाडून चुलीत घाल. साहेबांपुढे गेला असेल तर काहीही करून परत आणायला सांग, मी त्यांच्या पाया पडेन. विशेष कारण काही नाही. पण अर्ज परत आला की तो कुणालाही वाचू देऊ नकोस. बदली का पाहिजे, त्या रकान्यात मी लिहिलं होतं की या गावात माझ्याशी बोलायला एकही माणूस नाही.